दुपारचं वाचनालय

अप्पा, सांगून तरी जायचं होतं.

रोज दुपारी पोरींना तुमच्या हवाली करून मी घरी निघाले की "उद्या भांडू हं, मास्तरीणबाई" म्हणल्याशिवाय तुमी मला पायरी उतरू देत नव्हतात. आणि एवढ्या लांबच्या वाटेला निघालात ते एका शब्दानं नाही. सकाळी वाचनालयात पेपर मांडता मांडता छाती धरून खाली बसलात, लोकांनी गाडी काढली, आणि परभणीचा दवाखाना यायच्या आधीच सगळं आटोपलं. मी त्या वेळेला शाळेत ऑफ तासाच्या पोरींना गप्प बसवीत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचे अप्पा गेले." तुमचे अप्पा! ना नात्याचे ना गोत्याचे. तुमी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल, मी मुलींच्या शाळेची ग्रंथपाल, एवढाच काय तो संबंध. पण साऱ्या सेलूनं तुमाला कधीचंच माझे करून टाकलं होतं आणि मला ते असं कळलं, शिपायाच्या तोंडून.

शोकसभेत तुमचं जन्मगाव, तुमचं शिक्षण, तुमची सेवा, सगळं वाचून दाखवलं. मी ऐकत होते आणि मला वाटायलं, हे कुण्या दुसऱ्याच सज्जन माणसाबद्दल बोलायलेत. त्यात तुमचं खेकसणं नव्हतं. चष्म्यावरून बघणं नव्हतं. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की "कान पिळलाय बघा लेकराचा" म्हणून त्या पानावरून अंगठा फिरवत बसणं नव्हतं. तसलं लिहायला मला जमायचं नाही. रोज बोलत होते तसंच बोलते. आता तुमी मधेच तोंड घालणार नाहीत, हाच काय तो फरक, आणि तोच सोसंना झालाय.

तुमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत हे ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. फुलांच्या मखरात मांडी घालून बसवलेलं, कपाळभर भस्म, पुढ्यात बेलाची पानं. मी शाळेतल्या बायांबरोबर वाचनालयापुढं उभी होते. कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण गाडीवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या आणि तुमी त्यांच्या मधून आलात. बसलेले. रोज टेबलामागं बसत होतात तसेच, मान जराशी एका अंगाला. माझ्या पोरी रांगेत उभ्या होत्या. सहावीतली पल्लवी, तीच ती प्रश्नांची पोतडी, माझा पदर ओढून म्हणाली, "मॅडम, अप्पांना चष्मा घालायचा इसरले की सगळे. आता त्यास्नी दिसंल कसं?" मी तिला पोटाशी धरलं आणि मला हुंदका फुटला. भर रस्त्यात, हेडमास्तरांच्या देखत, ओक्साबोक्शी रडले मी. तुमी असता तर म्हणला असतात, काय हे, आवाज खाली.

आपली पहिली भेट आठवते का? भेट कसली, भांडणच ते.

आमची शाळा सकाळची. बाराला सुटते. खेड्यावरच्या पोरींची एसटी साडेतीनला. मधल्या वेळात पोरींनी जायचं कुठं? माझ्या वाचनालयाच्या खोलीत बारा वाजता दुसऱ्या पाळीतला वर्ग भरतो, तिथून मलाच हाकलतात तर पोरींचं काय घेऊन बसलात. मग पोरी स्टँडवर. उनात, बाकड्यावर, टवाळांच्या घोळक्यात. त्या वर्षी माझ्या वाचणाऱ्या पोरींतल्या दोघींना घरच्यांनी शाळेतून काढलं. "पोरगी स्टँडवर बसलेली दिसतीया, लोकं नावं ठेवायलेत." एवढंच कारण. मी तशीच तणतणत तुमच्याकडं आले. दुपारी वाचनालयाला सुट्टी, पुढचं दार बंद, म्हणून बोळातल्या मागच्या दारावर थापा मारल्या. तुमी दार उघडलं तर मी म्हणले, "गावाचं वाचनालय म्हणायचं आणि ऐन दुपारी कुलूप घालून बसायचं, लाज वाटत नाही का?"

तुमी चष्म्यावरून बघितलं. "मास्तरीणबाई, आवाज खाली. वाचनालय हाय हे."

"मी मास्तरीण नाही. ग्रंथपाल आहे."

"मग तर आणखीन खाली."

काय राग आला होता मला! आणि त्या रागातच हसू आलं. शाळेत मला कुणी धड शिक्षिका समजत नाही आणि धड कारकूनही समजत नाही. कुठली बाई रजेवर गेली की तिचा वर्ग माझ्याकडं पिटाळायचा, जणू वाचनालय म्हणजे कोंडवाडा. मला माझ्या कामावरून पहिल्यांदा कुणी रागावलं असेल तर ते तुमी. मग माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणलात, "तुमच्याकडं पोरींजोगी पुस्तकं हायत, जागा न्हाई. माझ्याकडं जागा हाय, पोरींजोगी पुस्तकं न्हाईत. मग आपण दोघं भांडायलोत कशापायी?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी पोरींना घेऊन बोळातून आले. पुढचं दार बंद, मागचं उघडं. ते मागचं दार मग कधी बंद राहिलं नाही.

लोकांना वाटतं पोरी तिथं नुसत्या सावलीला बसायच्या. आपण काय करत होतो ते तुमाला आणि मलाच ठाऊक. दर शनिवारी मी स्टाफरूममध्ये पाण्याच्या निमित्तानं जायची आणि शिक्षकांच्या टाचणांत डोकवायची, पुढच्या आठवड्यात कुठल्या वर्गाला काय शिकवणार ते बघायला. विचारलं असतं तर "तुम्हाला कशाला पाहिजे मॅडम?" म्हणले असते. दुपारी तुमाला येऊन सांगायची. सोमवारी पोरी आल्या की त्या त्या धड्याची पुस्तकं टेबलावर हजर. माझ्या कपाटातली मी आणायची, तुमच्या कपाटातली तुमी काढायचा. पण तुमी काय काढाल त्याचा नेम नाही! पचनसंस्थेचा धडा आला तर तुमी गुरांच्या आजारांचं पुस्तक काढलंत. मी कपाळाला हात लावला. "अप्पा, परीक्षेत माणसाचं पोट विचारतात, गाईचं नाही."

"गाय रवंथ करती ते पोरींनी रोज बघितलंय. जे बघितलंय तिथून सुरू करू. माणसाच्या पोटापाशी येतील की हळूहळू, एसटीला अजून टाइम हाय."

आणि आल्याही पोरी. पाचवीपासून नववीपर्यंतच्या साऱ्या त्या एका पुस्तकावर माशा बसाव्या तशा बसल्या होत्या. आपलं खरं भांडण यावरूनच होतं, नाही का? मी म्हणायची, पोरीनं प्रश्न विचारला तर उत्तर असलेलं पान काढून द्या, त्यांना वेळ कमी आहे, घरी गेल्यावर पाणी भरायचं, भाकरी थापायच्या. तुमी म्हणायचा, उत्तर द्यायचं न्हाई, दोन पुस्तकं द्यायची. पल्लवीनं एकदा विचारलं होतं, इथनं कापसाच्या गाठी जातेत त्याचं पुढं काय होतंय. तुमाला सगळं तोंडपाठ, जन्म गेला जिनिंगच्या गावात. पण सांगितलं नाहीत. लेकरू रोज येऊन नकाशा, विश्वकोश, कुठलं कुठलं पुस्तक चाळायचं, आणि मी चडफडायची. मग एका दुपारी ती ओरडली, "अप्पा, सापडलं!" आणि तुमी खुर्चीतून अर्धे उठून, "कुठं? कुठल्या पानावर?" असं विचारलंत, जणू तुमालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा मी तुमाला काही बोलले नाही. आज बोलते. त्या दिवशी तुमी बरोबर होतात. पण दहावीच्या पोरींना पान काढूनच द्यायला पाहिजे, यावर मी अजून ठाम आहे.

आणि ते बाइंडिंगचं प्रकरण! शाळेचा नियम असा की उन्हाळ्याच्या सुट्टीत एक पुस्तक बाहेर राहता कामा नये, सगळी कपाटात, कपाटाला कुलूप. म्हणजे ज्या दिवसांत पोरींना वाचायला सवड त्याच दिवसांत पुस्तकं कैदेत. तुमी म्हणलात, "बाइंडिंगला गेली म्हणून सांगा की." मी तसंच सांगितलं. रिक्षात घालून पुस्तकं तुमच्याकडं, उन्हाळाभर पोरींनी ती बाजाराच्या दिवशी बापाबरोबर येऊन तुमच्याकडनं नेली, जूनमध्ये रिक्षात घालून परत. सगळं झ्याक. फक्त एक झालं. तुमच्या हाताला जन्माची सवय, नवं पुस्तक टेबलावर आलं की पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का. तुमी शाळेच्या सगळ्या पुस्तकांवर धडाधड शिक्के मारून ठेवलेत! हेडमास्तरांनी पडताळणीला पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, हे कसलं बाइंडिंग? पुस्तकाचं सासरच बदललं की." मी काय सांगणार, कपाळ? तुमच्यापुढं येऊन नाचले तर तुमी शांतपणे आपला शिक्का आणि शाई माझ्यापुढं सरकवलीत. "मग तुमीबी तुमचा आणून मारा माझ्या पुस्तकांवर. फिट्टमफाट." आणि मारले मी! पेटूनच मारले. आता ती शेकड्यानं पुस्तकं दोन दोन शिक्क्यांची झालीत, कुणाची कुठली ते देवालाच ठाऊक.

त्या शिक्क्यांवरून हसता हसताच तुमी एकदा विषय काढलात. "मॅडम, हे आता उघड करू या. हेडमास्तरांना सांगू, वाचनालयाच्या कमिटीला अर्ज देऊ. शाळा आणि वाचनालय दोघांनी मिळून रीतसर दुपारचं वाचनालय चालवायचं." मी ताडकन उठले. म्हणले, अजिबात नाही. विचारलं की नाही म्हणतात, हा माझा नोकरीभरचा अनुभव. कमिटी म्हणंल वेळेबाहेर वाचनालय उघडं कसं, हेडमास्तर म्हणतील शाळेची मालमत्ता बाहेर कशी, आणि आपल्या पोरी परत स्टँडवर. चालतंय ते गुपचूप चालू द्या. तुमाला गळ्याची शपथ घातली मी, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

तुमी म्हणलात, "चोरून केलेलं पुण्य चोराबरोबरच जातंय, बाई."

"मग चोरानं जाऊच नये."

तुमी हसलात. दरवर्षी हा विषय काढलात, दरवर्षी मी हेच म्हणले, आणि दरवर्षी तुमी हसलात. आता कुणाशी भांडू हो मी?

तुमी गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता पोरी आपल्याआप बोळात जाऊन उभ्या राहिल्या. दाराला कुलूप. मी म्हणले, चला. कुठं चला ते मला ठाऊक नव्हतं. देवळात बसवलं, तिथं पुजाऱ्यानं दुपारचं दार लावून घेतलं. माझ्या घरी नेलं, दोन खोल्यांत एवढ्या पोरी मावंनात, आणि घरमालकीण खिडकीतून बघायली. शेवटी पोरी परत स्टँडवर. मी त्यांच्याबरोबर बाकड्यावर बसून राहायची, पण शाळेत पुस्तकांची पडताळणी, परीक्षा, मीटिंगा, रोज कशी बसणार? मग आला पल्लवीचा बाप. गरीब माणूस, भांडायला नव्हता आला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "मॅडम, अप्पा होते तवर मला फिकीर न्हवती. पोरगी वाचनालयात हाय म्हणलं की गावात कुणाची बोलायची टाप न्हवती. आता स्टँडवर कुणाच्या भरवशावर बसवू? दाखला द्या तिचा." पल्लवी दाराआड उभी होती. रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. मी म्हणले, "दादा, सोमवारपर्यंत थांबा. तेवढं ऐका माझं."

थांबा म्हणले खरं, पण करायचं काय? मग नाक मुठीत धरून त्याच संध्याकाळी गेले वाचनालयाच्या सचिवांकडं, जिनिंगवाल्या शेटजींकडं. रस्ताभर मनात बोलणी तयार केली. विनवायचं, मग चिडायचं, मग रडायचं. गादीवर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मागचं दार, दुपारच्या पोरी, बाइंडिंग, शिक्के. काही ठेवलं नाही. शेटजींनी पाणी मागवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आमाला काय ठाऊक न्हवतं व्हय? एवढंसं गाव हे. बोळातून पन्नास पोरी जातेत येतेत, कुणाला दिसत न्हाईत? सारी कमिटी जाणून होती."

मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"आमी म्हणलं, अप्पा सांगतील तवा सांगतील. लय चांगलं काम चाललंय, आपण कशाला तोंड घाला. उन्हाळ्यात मात्र जीव तुटायचा हो. आवाज बाहेर जाईल म्हणून अप्पा पंखासुदिक लावायचे न्हाईत. कूलर लावा म्हणून निरोप धाडावा असं किती येळा मनात आलं. पण धाडला असता तर तुमाला कळलं असतं की आमाला ठाऊक हाय. मग अप्पांना अवघडल्यागत झालं असतं. एकदा तरी इचारायचं होतं मॅडम. कोण न्हाई म्हणलं असतं?"

त्यांनी तिथल्या तिथं किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. दुपारी मी बसायचं, हेडमास्तरांशी ते स्वतः बोलतील, कूलर उद्या दुरुस्त होईल. पाच मिनिटं लागली नाहीत. अप्पा, ज्या गोष्टीवरून आपण वर्षानुवर्षं भांडलो तिला पाच मिनिटं लागली नाहीत.

तुमी जिंकलात. साफ जिंकलात. मला सांगायचं होतं तुमाला. बाहेर आले, जिनिंगच्या फाटकापाशी उभी राहिले आणि सवयीनं फोन काढून तुमचा नंबर लावला. माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर तुमचाच असतो. वाजायला लागला तेव्हा भानावर आले, पण तोवर उचलला होता. तुमच्या घरच्या काकू होत्या.

"कोण? मॅडम का?"

"काही नाही काकू. चुकून लागला."

"लागू द्या की. रोज कुणा ना कुणाचा चुकून लागायलाय. मी उचलते. तेवढंच त्यांचं नाव कानावर पडतंय."

मी म्हणले, "काकू, चांगली बातमी आहे. कमिटीनं परवानगी दिली. अप्पांचं दुपारचं वाचनालय चालू राहणार."

"दुपारचं?" काकू म्हणाल्या. "दुपारचं कसलं?"

अप्पा, साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेटजींना, कमिटीला, पोरींच्या बापांना. माझी शपथ तुमी पाळलीत ती नेमकी घरात, काकूंपाशी. मी फाटकाला टेकून उभी राहिले आणि काकूंना सगळं सांगितलं. खेड्यावरच्या पोरी, मधला वेळ, साडेतीनची एसटी.

"म्हणजे दुपारी घरी येत न्हवते ते याच्यापायी?"

"हो, काकू."

"मला म्हणायचे, उनाचं येववत न्हाई." मग विचारलं, "मग उपाशी बसायचे का हो?"

"नाही नाही काकू. पोरींच्या डब्यातलं खायचे. भाकर, बेसन, ठेचा, जे असंल ते. आधी नको म्हणायचे, पण पोरी ऐकायच्या नाहीत. रोज एकीची पाळी. पोटभर जेवायचे, मी बघितलंय."

"बरं झालं बाई, सांगितलंत," काकू म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, माझ्या हातचं गोड लागंना झालंय त्यास्नी. मी रोज करून झाकून ठेवायची. कधी इचारायचं धाडस झालं न्हाई."

मला फोन ठेववेना.